लकडगंजात आपलं स्वागत



लकडगंजात आपलं मनापासून स्वागत! मधूनमधून आरामशिनीचा आवाज येईल, तो खपवून घ्या. वस्तीचं नावच लाकडावरून पडलंय. मीही इथला लाकडाचाच व्यापारी. शिक्षक म्हणजे सुतार आणि विद्यार्थी म्हणजे ओंडका, अशी उपमा माझ्याकडून अपेक्षित असेल. देणार नाही. सागवान करवतीला प्रश्न विचारत नाही, पोरं विचारतात. विचारावंसं त्यांना वाटतं की नाही, हाच तर आपल्या परिषदेचा विषय.

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचे संशोधक थिओ वुबेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात शिक्षकाचं वागणं दोन अंगांनी मोजायला घेतलं : वर्गावर पकड किती आणि पोरांशी जवळीक किती. जवळीक वाढली की पकड सुटते, हा आपल्याकडचा जुना समज. त्यांनी मात्र ही दोन मापं वेगवेगळी ठेवली. दोन्ही एकाच माणसात भरपूर असू शकतात.

शिक्षकाची छाप किती खोल उमटते, याचा दाखला शोधायला दीक्षाभूमीच्या या शहरात लांब जायला नको. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे त्यांना जॉन ड्यूई हे शिक्षक भेटले. ड्यूई काही फर्डे वक्ते नव्हते. वर्गात अडखळत, जणू स्वतःशीच विचार करत बोलायचे. तरी त्यांच्या लकबींची नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही हौसेनं करत, अशी आठवण त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी सांगितली आहे. जून १९५२मध्ये बाबासाहेब मानद पदवीसाठी न्यूयॉर्कला गेले, पण ते वाटेत असतानाच ड्यूई वारले होते. भेट हुकली. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे, असं त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवलं.

आता एक तक्रार. यजमानाला शोभत नाही, तरी करतो. आपल्याकडे कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. मानधन तासाचं. तास संपल्यावर दाराशी घुटमळणाऱ्या पोराशी बोललेली दहा मिनिटं कुठल्या बिलात बसतात? शिवाय अनेकांना लगेच दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायचा असतो. पोरांची नावं तरी कधी पाठ व्हावीत? माझ्या दारात ट्रक अडकून पडला, तर ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग वसूल करतो बाप्पा! तेव्हा सर तुटक वागतात म्हणण्याआधी सरांचं वेळापत्रक बघा.

दुपारच्या सत्रात या तासिकावाल्या मंडळींना सगळ्यात आधी बोलू द्या, अशी विनंती मी आयोजकांना केली आणि त्यांनी ती मानली आहे. चहा-पोहे मागच्या मांडवात आहेत. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी तर्री बेतानं घ्यावी.