गड बघायला बाईनं का जाऊ नये?

आज बचतीचं, कर्जफेडीचं काही बोलणार नाही. आज बोलायचंय रायगडाबद्दल.

आमच्या गटातल्या १४ जणी मागच्या थंडीत रायगडला जाऊन आलो. दरमहा ५० रुपये वेगळे काढून वर्षभरात गाडीभाडं जमवलं. त्यातल्या ९ जणींनी गड असा पहिल्यांदाच पाहिला. माहेर, सासर, दवाखाना आणि देवदर्शन, एवढाच त्यांचा प्रवास.

आधी आम्ही पायथ्याशी पाचाडला थांबलो. तिथं जिजाऊंची समाधी आहे आणि त्यांच्या वाड्याची जोती आहेत. वाड्यात एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. जिजाऊ तिथं दगडी तक्क्याला टेकून बसायच्या आणि पाण्याला आलेल्या बायकांची विचारपूस करायच्या, असं सांगतात. आमची एक सदस्य म्हणाली, "म्हणजे त्यांचीबी बैठकच की!" सगळ्या हसलो, पण खरंच आहे ते. पाणवठ्यावर बाई जे बोलते, ते चावडीवर बोलत नाही.

वर जायला १४०० पेक्षा जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या रोपवेनं गेल्या, बाकीच्या चालत. वर गंगासागर तलाव बघितला आणि सगळ्याच जणी गप्प झाल्या. इतक्या उंचावर पाणी! पावसाचं पाणी अडवून, टाकी खोदून गडावर वर्षभराची सोय केलेली. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला त्याची किंमत कुणी वेगळी सांगावी लागत नाही.

राणीवशाच्या जोत्यांपाशी वाटाड्यानं शौचकूप दाखवले. प्रत्येक महालाला वेगळा. साडेतीनशे वर्षांपूर्वी! आणि आम्ही? वाटेत कुठं सोय मिळेल न मिळेल म्हणून १४ पैकी बहुतेक जणी सकाळपासून पाण्याचा घोट न घेता आलेल्या. भर उन्हात चढताना एकीला चक्कर आली, ती त्यामुळंच.

बाजारपेठेत समोरासमोर दोन रांगा आहेत, एकेका रांगेत २२ गाळे. पुढं दुकान, मागं खोल्या, जोतं चांगलं उंच. आठवडी बाजारात पोतं अंथरून पापड विकणाऱ्या आम्ही त्या जोत्यांवर हात फिरवत उभ्या राहिलो. विक्रीला नीट जागा लागते, हे तेव्हाही कळत होतं. गडावर आजही बायका ताक, लिंबू सरबत विकतात. एकीकडून आम्ही ताक घेतलं. महाग वाटलं, पण ते वर आणायला किती कष्ट पडत असतील, याचा हिशोब केला आणि कुणी घासाघीस केली नाही.

शेवटी हिरकणी बुरूज. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कोजागिरीला दूध घालायला आलेली हिरकणी, दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळासाठी ती अंधारात कडा उतरली. महाराजांनी तिथं बुरूज बांधून तिचं नाव दिलं, असं सांगतात. तो कडा वरून बघितला की पोटात गोळा येतो.

तिथं आमच्यातली एक लेकुरवाळी बोलली. निघताना तिला घरून ऐकवलं होतं, "पोर टाकून कुठं हिंडायला निघालीस?" ती म्हणाली, "ताई, हिरकणी कामाला आली म्हणून तिचं कौतुक. मी नुसती बघायला आले, म्हणून मला बोलणी."

बायांनो, ह्या वाक्याचा विचार करा. आपण बाईच्या सोसण्याचा बुरूज बांधतो, पण तिला एक दिवस मोकळा द्यायला कां-कूं करतो. पोर सांभाळायला घरात बाप असतो, आजी असते. त्यांनी एक दिवस सांभाळलं, तर कुणाला कडा उतरावा लागणार नाही. त्या दिवशी तिचं पोर बापाजवळ होतं, आणि मजेत होतं.

म्हणून सांगते, पुढच्या बैठकीत सहलीचा विषय घ्या. महिन्याला किती रुपये बाजूला काढायचे ते ठरवा. जवळचा कुठलाही गड चालेल. वाटेत स्वच्छतागृह कुठं आहे, ते आधीच विचारून ठेवा आणि मग पोटभर पाणी पिऊन निघा. आणि जिला घरून परवानगी मिळत नसेल, तिच्या घरी एकटीनं नको, चौघीजणी मिळून जा.