हिरा बनसोडे यांची कविता आणि आपल्या घरातील स्त्री
(अलोरे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१९५० साली अमेरिकेत ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती. शिकागोच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील दाटीची घरे, तिथल्या आया आणि मुली त्यांनी कवितेत आणल्या. तिकडे वर्ण, इकडे जात. पण स्त्रीच्या डोक्यावर दोन्हीकडे दुहेरी ओझे. एक समाजाने लादलेले, दुसरे घराने. मराठीत हे ज्यांनी बोलून दाखविले, त्यांत ‘पौर्णिमा’, ‘फिर्याद’ आणि ‘फिनिक्स’ या संग्रहांच्या कवयित्री हिरा बनसोडे यांचे स्थान मोठे आहे.

त्यांच्या एका कवितेत सवर्ण मैत्रीण प्रथमच घरी जेवायला येते. घरची बाई हरखून जाते. पण चटणी-कोशिंबीर ताटात कशी वाढावी हेही तुम्हांला कळत नाही, असे मैत्रीण हसत सुनावते. शिवाशिव गेली, तुच्छता मात्र ताटाशी येऊन बसली! लहानपणी ज्या घरात चहाला दूध नव्हते, तिथे पान वाढण्याची रीत कोण शिकविणार? ही जात कायद्याच्या कलमात सापडत नाही, कवितेत सापडते.

दुसरी कविता ‘यशोधरा’. तथागतांविषयीचा आदर राखून कवयित्री यशोधरेच्या दुःखाशी बोलते. तिच्या त्यागाची इतिहासाने दखल घेतली नाही, ही खंत मांडते. धम्माच्या कथेत असा प्रश्न कशाला, असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, कालामांना ‘तपासून घ्या’ असे सांगणाऱ्या भगवंतांचा धम्म प्रश्नाला भीत नाही.

मग तोच प्रश्न आपल्या घराला विचारू या. कोकणातला पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत गेला. मागे लावणी, लाकडाची मोळी आणि म्हातारी माणसे बाईनेच सांभाळली. त्याची नोंद कुठे आहे? आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांनी ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनात बांबूची आयदाने विणणारी आई उभी केली. त्याआधी मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ लिहून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची नोंद केली. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. ते माप आपल्याला लावून पाहावे. जयंतीला स्वागतगीत बायकांचे आणि ठराव पुरुषांचे, असे किती दिवस चालायचे?

विद्यार्थिनींनो, स्पर्धेसाठी कविता पाठ करता, जरूर करा. पण आज घरी गेल्यावर आजीजवळ वही घेऊन बसा. तिने काय वाहिले, काय सोसले, कुणाला उलट उत्तर दिले, ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या. घरातल्या माणसांविरुद्ध ती काही बोलली, तर तेही गाळू नका. आणि बांधवांनो, ती वही विहारात वाचली जाईल तेव्हा आपण खाली बसून ऐकू या.

जयभीम! नमो बुद्धाय!