मुंबई हाय: तेलामागे समुद्राचं पाणी

मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगनं तिथे तेल शोधलं आणि १९७६पासून ते निघू लागलं.

हे तेल समुद्रतळाखाली चुनखडीच्या बारीक छिद्रांत असतं. सुरुवातीला खडकातल्या दाबानं ते वर येतं. उपसा वाढला की दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा तेलात विरघळलेला वायू सुटतो. हलका वायू आधी निसटतो, दाट तेल मागे राहतं. म्हणून दाब टिकवण्यासाठी १९८०च्या दशकापासून वेगळ्या विहिरींतून समुद्राचं पाणी खाली दाबलं जातं.

पण पाणी उचललं आणि सोडलं, असं चालत नाही. ते गाळावं लागतं, नाहीतर छिद्रं बुजतात. पोलाद गंजू नये म्हणून त्यातला ऑक्सिजन काढतात. जंतुनाशकही घालतात, कारण काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. पाणी सोपी वाट धरतं. चुनखडीतल्या मोकळ्या थरांतून ते थेट उत्पादन विहिरीत घुसतं आणि आजूबाजूचं तेल जागेवरच राहतं. मग अभियंते पाणी देणारे थर बंद करतात, जुन्याच विहिरीतून आडवी शाखा खोदून उरलेल्या तेलापर्यंत पोहोचतात. वर आलेलं पाणी तेलापासून वेगळं करून, शुद्ध केल्यावरच समुद्रात सोडलं जातं.