जुगाराची जाहिरात आणि आपलीं घरें

(महोत्सवानिमित्त मनमाड येथें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं जुगारासारखा अमंगळ विषय कां, असें कोणी विचारील. मनमाड हें रेल्वेचें गांव. येथें पगार ठरलेल्या दिवशीं येतो, हें जसें किराणेवाल्यास ठाऊक, तसेंच जुगार चालविणाऱ्यासही ठाऊक. पूर्वी तो बाहेर वाट पाहत असे. आतां तो मुलाच्या खिशांतील फोनमध्यें येऊन बसला आहे. म्हणून आम्हांस बोलणें प्राप्त आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांस ‘आंकडा’ आठवत असेल. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे भाव तारेनें मुंबईस येत आणि त्या भावांच्या आंकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ सालीं तो मार्ग बंद झाला. तों १९६२ मध्यें कल्याणजी भगत ह्यांनीं वरळीचा मटका काढला आणि १९६४ मध्यें रतन खत्री ह्यांनीं दुसरा. मडक्यांतून चिठ्ठी निघे, म्हणून तो मटका. पुढें मडकें गेलें, पत्ते आले, नांव मात्र राहिलें. धंदा वाईटच होता. पण १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या भयानें तो तोंड लपवून राही. ज्याला खेळावयाचें त्यास गल्ली विचारीत जावें लागे. भल्या घरच्या मुलास ती गल्ली कोणी आपण होऊन दाखवीत नसे.

जाहिरातीचा जुगार ह्याहून निराळा. त्याचा धडा आपल्या प्रांतास शब्दकोड्यांनीं दिला. वर्तमानपत्रांत कोडें छापावें, प्रवेशमूल्य घ्यावें, आणि बक्षिसाचा आंकडा डोळ्यांत भरेल असा द्यावा, अशी ती रीत. बंगळूरहून निघणारीं चमारबागवाला ह्यांचीं कोडीं मुंबई राज्यांत फार खपत. मुंबई सरकारनें १९४८ चा कायदा दुरुस्त करून त्यांवर कर बसविला. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि १९५७ सालीं निर्णय झाला, कीं जुगार हा घटनेनें संरक्षिलेला व्यापार नव्हेच. पुढें १९६९ मध्यें महाराष्ट्र सरकारनेंच राज्य लॉटरी काढली! दुसऱ्याचा जुगार घातक आणि आपला लोककल्याणार्थ, ही समजूत मोठी सोयीची असते.

त्या समजुतींतून आम्हीही सुटलों नाहीं. सणाच्या दिवशीं मंडपांत हाउजी रंगते, सोडतीचीं तिकिटें घरोघर खपवितों, आणि लहान मुलांच्याच हातीं तीं पुस्तकें देतों. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत अशा खेळांस सरसकट पाप म्हटलेलें नाहीं. परंतु कुटुंबाच्या पोटाचा पैसा पणास लागला, कीं तो खेळ अधर्म ठरतो, आणि त्याची आवड माणसास गुलाम करूं शकते, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे.

गेल्या कांहीं वर्षांत तर क्रिकेटचा एक सामना पाहावयास बसावें आणि षट्कागणिक पैसे लावण्याचें आमंत्रण घ्यावें, अशी स्थिति झाली. आमंत्रण देणारे कोण? ज्यांचीं चित्रें मुलांनीं भिंतींवर लावलीं तेच खेळाडू. ऑगस्ट २०२३ मध्यें आमदार बच्चू कडू ह्यांनीं सचिन तेंडुलकर ह्यांच्या मुंबईतील घरापुढें ह्याच कारणास्तव निदर्शनें केलीं. जुलै २०२५ मध्यें आपल्याच जिल्ह्यांतील सिन्नरचे आमदार, त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, विधिमंडळांत मोबाइलवर रमी खेळतात असा आरोप झाला. आपण खेळत नव्हतों, आपोआप आलेली जाहिरात दूर सारीत होतों, असें ते म्हणाले. खरें काय हें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु जी जाहिरात सभागृहांत शिरते, ती आमच्या ओसरीवर थांबेल काय?

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड त्यांत सांगितला आहे. हें उत्तम झालें. तथापि सरकारनें २०२२ मध्यें बजावलेंच होतें, कीं पैजेच्या कंपन्या बातम्यांच्या पानाचें सोंग घेऊन आपलेंच नांव मिरवितात. सोंगाड्यास एक मुखवटा काढावयास लावला, तर तो दुसरा चढवितो.

आपल्या तरुणांना एकच हिशेब नीट मांडून दाखवावा. जाहिरातींत जिंकणारा दिसतो. त्याचें बक्षीस, खेळाडूचें मानधन, आणि त्या जाहिरातीचा खर्च ज्यांच्या पैशांतून निघतो, ते हरणारे मात्र तींत कोठेंच दिसत नाहींत. मुलगा पगाराच्या चौथ्या दिवशीं उसने मागूं लागला, तर त्यास दटावूं नये. जवळ बसवून किती गेले तें शांतपणें विचारावें. लाजेपोटीं तो दुसरें कर्ज काढतो, आणि घर बुडतें तें बहुधा त्या दुसऱ्या कर्जानें.

आतां ह्या स्मरणिकेविषयीं. हिचा खर्चही जाहिरातींवरच चालतो, हें मागचीं पानें चाळणाऱ्यास दिसेल. तेव्हां आमची समितीस विनंती आहे, कीं पैजेच्या व सोडतीच्या धंद्याची जाहिरात, ती कितीही मोठ्या रकमेची असो, घेऊं नये. आणि यंदाच्या सणाची सोडत रद्द करून तेवढी रक्कम घरोघर जाऊन उघड वर्गणीनें जमवावी. पहिली पावती आमच्या नांवें फाडावी.