चाळिशीतला प्रवेश अर्ज



मे महिना आला की एकीकडे ही व्याख्यानमाला आणि दुसरीकडे बारावीचा निकाल. चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक लागतात, पेढे वाटले जातात, घरोघरी कटऑफची चर्चा रंगते. त्याच घरातल्या आईचं शिक्षण वीस वर्षांपूर्वी सुटलेलं असतं आणि तिलाही पदवी घ्यायची असते, हे मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. आज मी तिच्या अर्जाविषयी बोलणार आहे. रिक्षा चालवणाऱ्याच्या, वायरमनच्या, निवृत्त शिपायाच्याही.

आमच्या अभ्यासकेंद्रावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, या वयात घेतात का हो?" घेतात. कला-वाणिज्य पदवीला कमाल वयाची अट नाही. राज्याच्या तीन वर्षांच्या लॉ सीईटीलाही नाही. वैद्यकीयच्या नीटला ती होती, खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटासाठी ३० वर्षं. २०२२ मध्ये तीसुद्धा काढली. घोडं अडतं ते कागदपत्रांपाशी.

एक अंगणवाडी सेविका आल्या होत्या. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी हवी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, पासबुकावर आणखी तिसरंच स्पेलिंग. शाळा सोडल्याचा दाखला घर बदलताना कुठे गेला, पत्ता नाही. मग शाळेत खेटे घालून दाखल्याची दुसरी प्रत, नावासाठी विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्र. त्यात शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. त्यातलं वाक्य साच्यातलं असतं: मधल्या काळात मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी काहीच केलं नाही असं लिहून द्यायचं?" गावातल्या मुलांची वजनं, लसीकरणाच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या, यातल्या कशालाच त्या कागदावर जागा नव्हती. आमच्याकडे अर्ज तयार होतो तो अठरा वर्षांच्या मुलाला समोर ठेवून. बाकीच्यांनी त्यात स्वतःला कोंबून बसवायचं.

हे असंच असायला हवं असं नाही. लंडनमध्ये १८२३ साली जॉर्ज बर्कबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारागिरांसाठी संस्था काढली. तीच पुढे बर्कबेक कॉलेज झाली, आणि दिवसभर काम करून संध्याकाळी शिकायचं ही तिची ओळख आजही टिकून आहे. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं ते मागच्या परीक्षांची अट न घालता. आपल्या पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं प्रौढ बायकांना शिकवून शिक्षिका आणि परिचारिका घडवल्या. पुढे १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आणि शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, यामुळे हजारो माणसं पदवीच्या वर्गात आली. मी त्या व्यवस्थेचा चाहता आहे.

तरीही एक इशारा देतो, कारण तो वेळेवर कुणी देत नाही. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि मग वकिली शिकायची म्हटली, तर बार कौन्सिलचे २००८ चे नियम आडवे येतात. पायाभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी विधी प्रवेशाला चालत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पदवी हातात, सीईटीचे गुण हातात, आणि प्रवेश नाही! म्हणून माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे. आधी बारावी करा. दहावी झाली असेल तर मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाटही आहे, तिथेही कमाल वय नाही. वेळ जातो, मान्य. पण पुढे कोणत्याही खिडकीवर मान खाली घालावी लागत नाही.

दुसरं, पैसे भरण्याआधी संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते स्वतः पाहा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणानं मिळत नाहीत; "घरबसल्या इंजिनीअर" म्हणणारा तुम्हाला टोपी घालतो आहे.

आता एक अगदी बारीक गोष्ट. प्रौढ विद्यार्थी नापास होतो तो बऱ्याचदा विषय न समजल्यामुळे नव्हे. त्याला तीन तास हातानं लिहायची सवयच उरलेली नसते. वर्षानुवर्षं सही आणि मोबाइलवरचा मजकूर, एवढंच लेखन. पाऊण तासात बोटं आखडतात, अक्षर घसरतं, शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. म्हणून प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून रोज दोन पानं लिहा. काहीही लिहा, भाजीचा हिशेब लिहा. आणि संपर्कसत्राचा रविवार घरात आधीच जाहीर करून टाका, नाहीतर नेमका त्याच दिवशी पाहुण्यांचा बेत ठरतो. हे बायकांना सांगावं लागत नाही. त्यांच्या नवऱ्यांना सांगतो आहे.

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणातली एक तरतूद मला खरोखर कामाची वाटते. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत सात वर्षांपर्यंत जमा. सासूचं आजारपण, बदली, मुलाची दहावी, असं मध्ये काही आलं तरी केलेलं वाया जात नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची सोय आहे. त्या सेविकाबाईंच्या नोंदवह्यांना उद्या महाविद्यालयात किंमत येऊ शकेल, अशी ही सोय. मात्र आराखडा कागदावर असणं आणि प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाला तो ठाऊक असणं, यात आपल्याकडे बरंच अंतर पडतं.

म्हणून समोर बसलेल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये प्रवेशाची एक खिडकी रविवारी सकाळी उघडी ठेवा. तिथे असा माणूस बसवा, जो चाळिशीतल्या बाईला "मुलीचा अर्ज का?" असं विचारणार नाही. आणि श्रोत्यांपैकी ज्यांचं शिक्षण राहून गेलं आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ट्रंकेतली दहावीची गुणपत्रिका काढून त्यावरचं नाव आधारशी ताडून पाहावं. ते जुळत नसेल तर उद्याच कामाला लागा, कारण राजपत्र यायला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही.