चित्राखालची ओळ

दरवर्षी दिवाळीत एक चित्र आपल्या फोनवर हमखास येतं. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा आकार आणि त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल ठिपक्यांची गर्दी. सोबत मजकूर: दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा आपला देश. नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे ते फिरतं.

ते चित्र कुठल्याही एका रात्रीचं नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वर्षानुवर्षं रात्रीच्या दिव्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. 'नोआ' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या एकावर एक ठेवून हा नकाशा बनवला. जे दिवे 1992 च्या आधीपासून होते ते पांढरे, 1992 मध्ये दिसू लागले ते निळे, 1998 मध्ये आले ते हिरवे आणि 2003 मध्ये आले ते लाल. म्हणजे तो वस्ती कुठे आणि केव्हा वाढली याचा नकाशा आहे. 2012 च्या दिवाळीत नासाने त्या दिवसांतलं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि स्पष्ट सांगितलं, की दिवाळीच्या रोषणाईने वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो कळतही नाही. तरीही पुढच्या वर्षी जुनंच चित्र पुन्हा आलं.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या चित्रातली खरी माहिती पणत्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी रंजक आहे. दहा-बारा वर्षांत शहरं कुठे पसरली, कुठला अंधार आधी उजळला, हे सगळं त्या रंगांत आहे. पण रंगांचा अर्थ सांगणारी ओळ गळून पडली आणि उरले नुसते ठिपके.

आणि ही गोष्ट फक्त फोनवरच्या चित्रांची आहे असं समजू नका. नेपच्यून डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या पुस्तकातला, तक्त्यावरचा, गर्द निळा. त्याच्या शेजारचा युरेनस फिकट हिरवट. दोघांचे रंग आपण पाठ केलेले आहेत. हा गर्द निळा रंग आला ऑगस्ट 1989 मध्ये, व्हॉयेजर 2 हे यान नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा. यानाचा कॅमेरा एका वेळी एकाच रंगाच्या फिल्टरमधून फोटो घेत होता. असे वेगवेगळे फोटो पृथ्वीवर आल्यावर एकत्र केले गेले. ढग, पट्टे, वादळं नीट दिसावीत म्हणून रंगांमधला फरक मुद्दाम वाढवला गेला. यात लपवाछपवी काहीच नव्हती. रंग ताणलेले आहेत हे तेव्हा चित्रांसोबत सांगितलेलं होतं. पुढे चित्र छापत गेले, ओळ सुटत गेली.

जानेवारी 2024 मध्ये ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रंगांचा हिशोब पुन्हा मांडला. हबल दुर्बीण आणि चिलीमधली 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' यांच्यावर अशी उपकरणं आहेत, की ती चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा सगळा वर्णपट टिपतात. त्या आधाराने जुनी चित्रं दुरुस्त केली, तेव्हा दोन्ही ग्रह जवळजवळ सारखेच निघाले: फिकट, हिरवट निळे. दोघांच्याही वातावरणातला मिथेन तांबडा प्रकाश शोषून घेतो. युरेनसवर धुक्याचा थर जाड आहे म्हणून तो थोडा जास्त फिका, नेपच्यूनवर तो विरळ आहे म्हणून तो किंचित जास्त निळा. फरक एवढाच. जाणकारांना हे आधीपासून ठाऊक होतं. आपल्यापर्यंत ते पोचायला पस्तीस वर्षं लागली, कारण मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी ते चित्र छापलं, दाखवलं, त्यांना खालची ओळ बिनमहत्त्वाची वाटली.

यावर काही जण म्हणतात, मग अवकाशातली सगळीच चित्रं रंगवलेली. हे मला अजिबात मान्य नाही, आणि का ते सांगते. माझ्या घरी साधा संगणक आहे आणि ज्यूनो यानाने गुरूचे काढलेले फोटो त्यावर उतरवून जुळवायचा मला नाद आहे. ज्यूनो 2016 च्या जुलैमध्ये गुरूपाशी पोचलं. त्याचं मुख्य काम गुरूचं गुरुत्व, चुंबकत्व आणि वातावरणाचे खोल थर मोजण्याचं. ज्यूनोकॅम हा कॅमेरा त्यावर बसवला तो मुख्यतः सामान्य लोकांसाठी. त्याचे कच्चे फोटो मोहिमेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतात.

तो कच्चा फोटो पहिल्यांदा उघडणाऱ्याला त्यात गुरू सापडतच नाही. दिसतो एक उंच, अरुंद, करडा खांब, आडव्या पट्ट्यांनी बनलेला. ज्यूनो स्वतःभोवती सतत फिरत असतं, साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी. कॅमेऱ्याच्या संवेदकावर निळ्या, हिरव्या आणि तांबड्या फिल्टरच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या आहेत. यान फिरतं तसा गुरू त्यांच्यासमोरून सरकतो आणि कॅमेरा पट्टी-पट्टीने तो टिपत जातो. निळी, हिरवी, तांबडी, पुन्हा निळी, हिरवी, तांबडी, अशा त्या पट्ट्या खांबात रचलेल्या असतात आणि दिसायला सगळ्याच करड्या. त्या वेगळ्या करायच्या, प्रत्येक रंगाच्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, आणि मग तिन्ही रंग एकावर एक बसवायचे. एका बिंदूएवढी जरी चूक झाली तरी ढगाच्या एका कडेला लाल रेघ उमटते आणि दुसऱ्या कडेला हिरवट. ती रेघ नाहीशी होईपर्यंत सरकवत राहायचं. यान मधल्या क्षणांत पुढेही गेलेलं असतं, त्यामुळे नुसतं सरकवून भागत नाही, थोडं वाकवावंही लागतं.

सगळं बसलं की गुरू दिसतो. आणि तो फिका असतो! दुधात थोडा चहा टाकावा तसा. आपण वर्तमानपत्रात पाहतो ते निळे-केशरी भोवरे दिसायला हवे असतील तर रंग वाढवावे लागतात. मी ते वाढवते. पण जे भोवरे दिसतात ते माझे नसतात, ते त्या पट्ट्यांतच असतात. रंग वाढवल्याने जे होतं ते नजरेला पकडता येतं, इतकंच. कुणी दुसऱ्याने त्याच पट्ट्या घेऊन तेच केलं तर त्यालाही तिथेच तेच भोवरे सापडतील. रंगवलेलं चित्र आणि हे चित्र यांत हा मूलभूत फरक आहे. काय केलं ते मी खाली लिहून ठेवते, म्हणजे पाहणाऱ्याला ताडून पाहता येतं.

म्हणून आपल्या मराठी वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. चित्राखाली 'सौजन्य: नासा' एवढंच छापू नका. कुठल्या यानाने किंवा दुर्बिणीने टिपलं, कुठल्या प्रकाशात टिपलं आणि रंगांचं काय केलं, हे एका ओळीत मावतं. वेब दुर्बिणीचं चित्र असेल तर तो अवरक्त प्रकाश आहे, डोळ्याला न दिसणारा. त्यातल्या आखूड लहरींना निळा आणि लांब लहरींना तांबडा रंग देण्याची पद्धत आहे. 2019 मधलं कृष्णविवराचं ते केशरी कडं तर रेडिओलहरींवरून बनवलेलं. ही माहिती मूळ संस्था चित्रासोबत देतातच, ती शोधत बसावी लागत नाही. इस्रोही चांद्रयानाची मूळ माहिती 'प्रदान' या संकेतस्थळावर खुली करते. आपल्या पत्रकारांनी आणि महाविद्यालयीन मुलांनी ती उघडून पाहायला हवी.

ज्यांना स्वतः करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. तीन रंगांखेरीज ज्यूनोकॅमवर मिथेनचाही एक फिल्टर आहे, सुरुवात त्याच्या चित्राने करा. त्यात रंग एकच असतो, त्यामुळे तीन थर जुळवायची कटकट नाही, फक्त पट्ट्या जोडायच्या. फोटो सुधारायचा कुठलाही फुकट प्रोग्रॅम चालतो. त्या चित्रात गुरूवरचे उंच ढग आणि ध्रुवांवरचं धुकं उजळ दिसतं, कारण प्रकाश शोषणारा मिथेन त्यांच्या वर कमी उरतो. ते जमलं की मग तिन्ही रंगांकडे वळा.