वाचलेल्यांचा रकाना



वाघाने माणूस मारला की आपल्या भागात दोन मागण्या होतात. वाघाला जेरबंद करा, नाहीतर आम्हाला बंदुकीचे परवाने द्या. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. अशा गावातला माणूस बंदूक मागतो तेव्हा त्याला उपदेश करायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला उत्तर द्यायचं तर आधी एक गोष्ट माहीत हवी. हातात बंदूक असल्यामुळे किती माणसं वाचतात?

या प्रश्नावर अमेरिकेत तीस वर्षं भांडण चालू आहे. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये निष्कर्ष काढला की तिथले नागरिक वर्षाला सुमारे २५ लाख वेळा स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरतात. सरकारच्याच गुन्हेपीडितांच्या सर्वेक्षणातून निघणारा आकडा मात्र लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहतो. पंचवीस पटींची ही तफावत सांख्यिकीच्या वर्गात जरूर शिकवावी. क्लेक यांनी फोनवरून सुमारे ५ हजार लोकांना विचारलं, आणि गेल्या वर्षभरात असं घडलं म्हणणारे शेकडा एक-सव्वा निघाले. पाच हजारांत पन्नास जणांनी जरी चुकून, बढाईने किंवा जुनी घटना अलीकडची समजून होकार दिला, तरी त्या वेळच्या सुमारे १९ कोटी प्रौढांच्या हिशेबाने १९ लाख घटना कागदावर उभ्या राहतात. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी नेमकं हेच दाखवलं. उलट सरकारी सर्वेक्षण आधी विचारतं, तुमच्यावर गुन्हा घडला का? नाही म्हटलं की बचावाचा प्रश्न पुढे येतच नाही. बंदूक नुसती दाखवून ज्याने चोर पळवला, तो स्वतःला गुन्ह्याचा बळी कशाला म्हणेल?

आपल्याकडे भांडायलासुद्धा आकडा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात बंदुकीने झालेले खून आहेत, शस्त्र कायद्याखालचे गुन्हे आहेत. नागरिकाने बंदुकीने जीव वाचवला, याचा रकाना नाही. कायद्यात मात्र जागा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीला परवाना मिळू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. त्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायला मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. ताडोबालगतचं अंधारी अभयारण्य १९८६ पासून आहे. म्हणजे बंदुकीची मागणी सगळ्यात मोठी जिथे आहे, तिथेच परवान्याची वाट सगळ्यात अरुंद आहे. हे मागणी करणाऱ्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आता ही तोंडाकडून भरायची, म्हणजे भरमार बंदूक काय असते ते पाहू. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा गजाने ठासायचं, मग टोपी बसवायची. दव पडलं की दारू सादळते. एक बार झाला की पुन्हा हा सगळा खटाटोप, तोही अंधारात. धानाच्या जागलीला बसलेला माणूस रानडुकरांचा कळप आला की हवेत बार काढतो, कळप पळतो, एकरभर धान वाचतं. त्याचा पंचनामा होत नाही. वाघाची गोष्ट वेगळी. तेंदू तोडणारी, मोह वेचणारी बाई वाकलेली असते आणि वाघ बहुधा मागून येतो. ठासणीच्या बंदुकीला तेवढा अवकाशच मिळत नाही.

जून २०१६ मध्ये वन्यप्राणी मारण्यावरून केंद्रात दोन मंत्र्यांचा वाद झाला, तेव्हा मनेका गांधींनी चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारल्याचं सांगितलं. मेलेली डुकरं मोजली गेली. किती धान वाचलं, हे कुणी विचारलं नाही. शेताच्या कुंपणात करंट सोडतात, त्यात वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. त्याची नोंद गुन्हा म्हणून होते. वाघाच्या हल्ल्यातल्या मृत्यूला आज २५ लाखांची मदत आहे, म्हणून तिथे कागद चोख होतो. जो झाडावर चढून वाचला, ज्याच्या सोबत्यांनी आरडाओरड करून वाघ हुसकला, त्याचा कागदच निघत नाही.

बंदुकीची दुसरी बाजू गडचिरोलीला कुणी सांगायची गरज नाही. घरात भरमार असली की रात्री नक्षली आणि दिवसा पोलीस, दोघांच्या नजरेत ते घर येत असे. कित्येक गावकऱ्यांनी आपल्या भरमार पोलिसांकडे जमा केल्या, त्या याच जाचाला कंटाळून. पलीकडे छत्तीसगडमध्ये आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन विशेष पोलीस अधिकारी केलं, ते सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला घटनाबाह्य ठरवलं. परवाने वाटा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास हिशेबात धरलाच पाहिजे.

माझं मत स्पष्ट सांगतो. परवाने वाटण्याएवढा पुरावा आज नाही. पण मागणी फेटाळताना आपण जे बोलतो, त्यालाही पुराव्याचा आधार नाही. अमेरिकेचा कुठलाही आकडा उचलून इथे आणणं हा अप्रामाणिकपणा होईल. तिथे समोर चोर असतो, इथे डुक्कर, अस्वल, रोही आणि वाघ.

म्हणून या व्यासपीठावरून एक काम मागतो. ताडोबाच्या आसपासच्या गावांत प्राथमिक बचाव दलं आहेत. त्यांच्यासोबत आपल्या सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक आमनासामना टिपावा, माणूस मेला असो की नुसता घाबरून घरी आला असो. किती वाजता, किती जण सोबत, वाकलेले की उभे, हातात काय होतं, ते वापरलं का, प्राण्याने काय केलं. आठ दिवसांच्या आत विचारावं, म्हणजे जुनी घटना नव्यात मिसळणार नाही. परवाना नसलेल्या बंदुकीचा उल्लेख आला तर नाव लिहू नये, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही. मार्चमध्ये मोह टपकायला लागतो. त्याआधी नमुना तक्ता पक्का करायचा आहे. दुपारच्या सत्रात तो फळ्यावर मांडतो आहे. बचाव दलाची मुलं आलेली आहेत, त्यांना पुढे बसवा. रकाने त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊ.